जिना उतरवणार कोण? आपत्तीची तयारी आणि त्यानंतरचा आधार

उंबरठा (धागा सुरू करणारी)

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली काही कुटुंबे आपत्तीच्या तयारीबद्दल बोलायला एकत्र जमली होती. दोन तास चर्चा झाली आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ दोरखंड, विजेऱ्या, ताडपत्री, प्रथमोपचाराची पेटी आणि हे सगळे ठेवायचे कुणाच्या घरी, यातच गेला. उठायच्या वेळी कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी अगदी सहज विचारले, "ते सगळं ठीक आहे, पण मला जिना उतरवणार कोण?" खोलीत बावीस माणसे होती. कुणालाच उत्तर देता आले नाही, आणि त्या कितव्या मजल्यावर राहतात हेही त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हते.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की सामानाची यादी करण्याआधी माणसांची यादी करायला हवी. याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण जपानमधले आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसरात भूकंप झाला आणि ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाच्या केंद्राजवळच आवाजी बेटावर होकुदान नावाचे छोटे गाव होते. तिथेही घरे कोसळली आणि सुमारे ३०० माणसे ढिगाऱ्यांखाली अडकली. पण त्या गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकातल्या लोकांना कोणत्या घरात कोण राहते, इतकेच नव्हे तर घरातले म्हातारे माणूस रात्री कोणत्या खोलीत झोपते, हेसुद्धा ठाऊक होते. त्यामुळे सगळा ढिगारा उपसत बसण्याऐवजी त्यांनी नेमक्या जागी हात घातला, आणि संध्याकाळ होण्याआधी गावातल्या प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा लागला होता. त्यांच्याकडे यंत्रे फारशी नव्हती. शहरातही ज्यांना जिवंत बाहेर काढता आले, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते, कारण पहिल्या काही तासांत तिथे दुसरे कुणी पोहोचूच शकत नव्हते.

तुमच्याकडे अशी यादी कुणी केली असल्यास ती कशी केली, तिच्यात काय लिहिले आणि ती कुणाकडे ठेवली, हे सविस्तर लिहावे. आपत्तीनंतर कुटुंबांना उभे करण्याच्या कामाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनीही जरूर लिहावे.

शंकेखोर

हेतू चांगला आहे, पण मला पहिली शंका यादीविषयीच आहे. कोणत्या घरात एकटी वृद्ध स्त्री राहते, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाला ऐकू येत नाही, हे सगळे एका कागदावर लिहून ठेवले की तो कागद मदत करणाऱ्याइतकाच चोराच्याही कामाचा होतो. शिवाय लोक आपले आजार चारचौघांत सांगत नाहीत, आणि तसे सांगायला भाग पाडणे योग्यही नाही. तिसरी गोष्ट अशी की अशा याद्या उत्साहात तयार होतात आणि वर्षभरात शिळ्या होतात. भाडेकरू बदलतो, मूल जन्मते, कुणीतरी निवर्तते, आणि यादी मात्र तशीच राहते. चुकीच्या यादीवर विसंबून रिकाम्या घराचे दार फोडत बसण्यापेक्षा यादी नसलेली बरी.

जिना_तिसरा

शंकेखोर यांचे तिन्ही मुद्दे रास्त आहेत. आम्ही नेमके त्यांच्यातूनच गेलो. पहिल्या प्रयत्नात एका उत्साही गृहस्थांनी सगळी माहिती मोबाईलवरच्या गटात टाकली आणि दोन कुटुंबे त्यावरून इतकी दुखावली की आजही ती बैठकीला येत नाहीत. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली.

आता सगळ्या वस्तीची एक यादी अशी कुठेही नाही. प्रत्येक जिन्याची किंवा ओळीची माहिती त्या जिन्यातल्या दोन घरांकडे असते, आणि ती घरे कोणती असावीत हे ज्यांची माहिती आहे त्यांनीच ठरवलेले असते. आजाराचे नाव कुणालाही विचारत नाही. "तातडीने बाहेर पडायचे झाले तर तुम्हाला कशाची मदत लागेल?" एवढा एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर "दोन माणसे आणि खुर्ची", "दार जोरात वाजवू नका, आत येऊन खांद्याला हात लावा", "यंत्राला वीज लागते" अशा शब्दांत लिहून घेतो. यावरून चोराला फारसे काही कळत नाही, पण मदतीला येणाऱ्याला हवे ते सगळे कळते. कागद बंद पाकिटात असतो आणि वर्षातून दोनदा, ठरलेल्या तारखांना, ती दोन घरे दारोदार जाऊन तो नवा करतात. खरे सांगायचे तर या दोन फेऱ्यांचा उपयोग कागदापेक्षा जास्त होतो, कारण त्या निमित्ताने दार उघडले जाते आणि चेहरा ओळखीचा होतो.

आपत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भूकंप आणि पूरच येतात, म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. घरांची पडझड झाली नाही. मृतांमध्ये एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. दारे-खिडक्या बंद करून ती माणसे आत बसून राहिली आणि दार वाजवायला कुणी आले नाही. अशा आपत्तीत दोरखंडाचा काय उपयोग होणार?

वॉर्डातली

मी परिचारिका आहे आणि पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात दोनदा काम केले आहे. तिथे पहिल्या रात्री जखमी फारसे येत नाहीत. येतात ती औषधे घरीच राहिलेली माणसे. "पांढरी छोटी गोळी, सकाळी एक" एवढ्याच वर्णनावरून रक्तदाबाचे औषध शोधण्याचा प्रसंग माझ्यावर किती वेळा आला, याची गणती नाही. म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे की औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. मोबाईलमधला फोटो चांगलाच, पण पहिल्या रात्रीनंतर मोबाईलची बॅटरी संपलेली असते.

यादी करणाऱ्यांनी तीन प्रकारच्या घरांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिले म्हणजे विजेवर चालणारे प्राणवायूचे यंत्र असलेले घर. वीज गेल्यावर ते यंत्र किती वेळ चालते आणि भरलेला सिलिंडर घरात आहे की नाही, हे आजच विचारून घ्यावे. दुसरे डायलिसिसचे रुग्ण. नेहमीचे केंद्र बंद पडल्यास जायचे कुठे, आणि एक-दोन फेऱ्या चुकल्यास पाणी, मीठ आणि पोटॅशियम यांचे पथ्य किती कडक करायचे, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. तिसरे इन्सुलिन घेणारे. फ्रिज बंद पडला म्हणजे इन्सुलिन वाया गेले, असे समजून लोक ते फेकून देतात आणि मग उपाशी राहिल्यासारखे औषधाविना राहतात. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने ३० अंश सेल्सिअसखालच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत वेष्टनावर छापलेली असते. ते उन्हापासून दूर ठेवावे, गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट चिकटवूही नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगते. पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकासाठी दर माणशी दररोज सुमारे ४ लिटर आणि निदान तीन दिवसांचा साठा, हा सर्वसाधारण हिशेब आहे. गढूळ पाणी आधी कापडातून गाळावे आणि मग खळखळून उकळावे. इंधन नसेल तर ५ ते ६ टक्के तीव्रतेचे, सुगंध न मिसळलेले ब्लीच लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास थांबावे.

आणि ज्या एका गोष्टीबद्दल मी भांडते, ती म्हणजे जनरेटर. वादळ किंवा पूर येऊन गेल्यावर त्यातून वाचलेली माणसे दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कार्बन मोनॉक्साइडने दगावतात. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला जाग येत नाही. जनरेटर घरात, बंद जिन्यात, व्हरांड्यात किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये, घरापासून निदान ६ मीटर दूर आणि उघड्यावरच ठेवावा. "खिडकी उघडी आहे ना" हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

शंकेखोर

यादीविषयीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. जिना_तिसरा यांची पद्धत मला मान्य आहे. मात्र इशारा मिळूनही लोक घर सोडत नाहीत, याचे काय करायचे? आमच्याकडे दोनदा इशारा देण्यात आला, काहीच घडले नाही, आणि तिसऱ्या वेळी कुणी जागचे हलले नाही.

पाणवठा

न हलण्याची कारणे बहुधा घरातच असतात, आणि ती आधी विचारली तर सापडतात. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात पाळीव प्राण्यांना सोबत नेता येत नाही म्हणून अनेकांनी घर सोडले नाही. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि स्थलांतराच्या आराखड्यात प्राण्यांचा विचार करणे स्थानिक यंत्रणांवर बंधनकारक झाले. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १,३८,००० माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. इशारा चौकात आणि बाजारात पोहोचला, तो ऐकला पुरुषांनी. स्त्रिया मुलांना घेऊन घरात, घरच्या कर्त्या माणसाची वाट पाहत राहिल्या. पुढे तिथल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात स्त्री स्वयंसेवकांची संख्या मुद्दाम वाढवण्यात आली, कारण घराच्या आतपर्यंत जाऊन बोलणारे माणूस असल्याशिवाय ध्वनिक्षेपकाचा उपयोग मर्यादित राहतो.

आणि खोट्या ठरलेल्या इशाऱ्याबद्दल बोलायचे तर इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीने मोठा संहार केला. तेव्हापासून जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला की काहीही न विचारता डोंगराकडे पळायचे, ही शिकवण "स्मोंग" (तिथल्या बोलीत त्सुनामी) या एका शब्दाभोवती आज्यांनी नातवंडांना दिली. ९७ वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, भूकंपाच्या केंद्राजवळच्या या बेटावर सुमारे ७८,००० लोकवस्ती असताना सात माणसे गेली. मधल्या काळात ते लोक कितीदा उगाच डोंगर चढून आले असतील, याचा विचार करावा. त्यांनी त्याला फसवणूक मानले नाही. आपणही उगाच घडलेल्या स्थलांतराला सराव मानायला काय हरकत आहे?

जिना_तिसरा

सरावावरून आठवले. जपानमधल्या कामाइशी शहरात ११ मार्च २०११ रोजी माध्यमिक शाळेची मुले भूकंप थांबताच स्वतःहून उंचावर धावत सुटली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले निघाली. ठरवलेली जागा अपुरी वाटताच ती आणखी वर गेली, आणि मोठी मुले लहानांचे हात धरून पळत होती. शहरातल्या शाळांमधली जवळजवळ तीन हजार मुले वाचली. त्यांना शिकवलेल्या गोष्टींपैकी एक अशी होती की नकाशावर विसंबून राहू नका. आखलेल्या सीमारेषेबाहेर पाणी येणार नाही असे धरून चालू नका. आमच्याकडच्या सरावात मात्र सगळे काही ठरल्याप्रमाणे पार पडावे यासाठीच धडपड असते. पुढच्या सरावात मी मुख्य दरवाजाच बंद ठेवणार आहे. लोक काय करतात ते पाहू.

कोठार

मी आपत्तीनंतरच्या कामाविषयी लिहितो, कारण मदत साहित्याच्या कोठारात मी सलग पाच आठवडे उभा होतो. त्यातले पहिले दोन आठवडे आम्ही कपडे निवडत होतो. थकलेले, हात सोललेले वीस स्वयंसेवक जुन्या कपड्यांच्या डोंगरापुढे बसून फाटके वेगळे काढत होते, आणि त्याच वेळी बाहेर उभ्या असलेल्या बाईला बाळासाठी लंगोट हवे होते, ते कोणत्या गठ्ठ्यात आहेत हे आम्हाला सांगता येत नव्हते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असेच जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. कपाट मात्र स्वच्छ होते त्यांचे.

औषधांचे तर आणखी बिकट होते. १९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर जगभरातून तिथे हजारो टन औषधे येऊन पडली. त्यांतली जेमतेम तिसरा हिस्सा तातडीच्या उपयोगाची होती, बाकीची निवडण्यातच माणूसबळ गेले. अशा अनुभवांनंतर १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले, आणि पोहोचताना औषधाची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी ही त्यांतली एक अट आहे. घरातल्या उरलेल्या गोळ्या पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमच्या कामात फरक पडला तो तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा एका अनुभवी बाईंनी वाटप थांबवले आणि प्रत्येक कुटुंबाकडे माणूस पाठवून "तुम्हाला आज काय हवे आहे?" असे विचारायला लावले. आलेली उत्तरे आमच्या कोठारात नव्हतीच. चष्मा, चूल, शिवणयंत्राची मोटर, मुलाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र, आणि एका गृहस्थांना फक्त दाढीचे सामान. ते म्हणाले, "चौकशीला कचेरीत जायचं आहे, असा कसा जाऊ?" ज्या ठिकाणी बाजार पुन्हा सुरू झाला आहे तिथे रोख मदत का बरी, हे मला त्या दाढीच्या सामानाने शिकवले.

पाणवठा

प्रवेशपत्राचा उल्लेख आला म्हणून भिजलेल्या कागदांविषयी लिहिते, कारण आमच्या घरात कमरेइतके पाणी शिरले होते आणि मी स्वतः या बाबतीत मोठी चूक केली. पाणी ओसरल्यावर कपाटातून कागदांचा गठ्ठा निघाला. मी घाईघाईने एकेक कागद सोलून वेगळा करू लागले आणि आईवडिलांचे विवाहाचे प्रमाणपत्र माझ्या हातात दोन तुकडे होऊन आले. ओला कागद ओढायचा नसतो. चिखल असेल तर गठ्ठा तसाच स्वच्छ थंड पाण्यातून हलकेच काढावा, आपोआप सुटणारे कागद जाळीवर किंवा कोऱ्या टीपकागदावर सावलीत पसरावेत आणि पंख्याचा वारा दुरून द्यावा. ऊन आणि इस्त्री नको. बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते, म्हणून तेवढ्या वेळात सगळे वाळवणे शक्य नसेल तर कागद पिशवीत घालून कुणाच्या तरी चालू असलेल्या फ्रीझरमध्ये ठेवावेत. गोठलेला कागद कित्येक आठवडे तसाच राहतो आणि सवडीने थोडाथोडा बाहेर काढून वाळवता येतो. हे मला ज्यांनी सांगितले ते चार दिवस उशिरा भेटले.

घरात परतताना मुख्य स्वीच बंद आहे याची खात्री केल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये, आणि चिखल उपसण्याआधी नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत. आम्ही आधी घर लख्ख केले आणि मग नुकसानीची पाहणी करायला माणूस आला. त्याला दाखवायला भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा उरली नव्हती.

वॉर्डातली

निवाऱ्यात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. पीडित कुटुंबाकडून काय घडले ते खोदून खोदून वदवून घेऊ नका. "बोलून टाका, मन हलके होईल" हा सल्ला सद्भावनेने दिला जातो, पण प्रसंगानंतर लगेच सगळे तपशील बोलायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. तिच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराचे तीन भाग सांगितले आहेत. आजूबाजूला पाहणे, ऐकून घेणे आणि पुढच्या मदतीशी जोडून देणे. माणूस गप्प बसला असेल तर त्याच्याजवळ गप्प बसावे. मुलांच्या बाबतीत शाळेचे दोन तास आणि खेळण्याची ठरलेली वेळ जितकी लवकर परत येईल तितके चांगले, मग शाळा झाडाखाली भरली तरी चालेल.

जिना_तिसरा

मूळ यादीचा नंतरच्या काळाशीही संबंध आहे, हे धाग्यात राहून गेले. कोबेमध्ये तात्पुरती घरे देताना वृद्धांना आणि अपंगांना प्राधान्य मिळाले आणि वाटप सोडतीने झाले. ऐकायला अगदी न्याय्य. प्रत्यक्षात जुने शेजार मोडले, एकटे वृद्ध अनोळखी लोकांमध्ये जाऊन पडले, आणि पुढच्या काही वर्षांत अशा घरांमध्ये दोनशेहून अधिक माणसे कुणाच्या नकळत एकाकी मेली. त्यावरून धडा घेऊन २००४ च्या निइगाता भूकंपानंतर यामाकोशी गावातल्या लोकांना तात्पुरत्या घरांमध्ये वाडीवार एकत्र ठेवण्यात आले. शेजारी कोण होते हे लिहून ठेवलेले असेल तरच तशी मागणी करता येते. म्हणून आमच्या पाकिटांमध्ये आता आणखी एक ओळ असते: "स्थलांतर झाल्यास कोणाच्या शेजारी राहायला आवडेल?" पहिल्यांदा विचारले तेव्हा लोक हसले. मग सगळ्यांनी लिहिले.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. जिना_तिसरा यांची पद्धत आम्ही उचलली असून पहिल्या फेरीत एकोणचाळीस घरे झाली. चार घरांनी माहिती द्यायला नकार दिला आणि त्यांना पुन्हा विचारायचे नाही असे ठरले आहे.

काल त्या आजींना खरोखरच जिन्याने उतरवून पाहिले. आधी खुर्चीत वाळूची पोती ठेवून दोन वेळा, मग त्यांना बसवून, कमरेला आणि छातीला रुंद पट्टे बांधून. वरच्या दोन जिन्यांवर काही अडचण आली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र खुर्चीचे हात कठड्याला अडकले, पुढचा माणूस मागे येईना, मागचा पुढे, आणि आजी मध्येच म्हणाल्या, "मी उतरून चालू का थोडी?" शेवटी त्यांना आधार देऊन वळणापुरते चालवले. पुढच्या रविवारी बिनहाताची, अरुंद पाठीची खुर्ची घेऊन पुन्हा प्रयत्न आहे. वळणावर चौघांपैकी कुणी कुठे उभे राहायचे याचा कुणाला अनुभव असेल, तर त्याआधी लिहावे.